घराण्याची अंगकाठी आणि मुलांचे वजन

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याची उंची १३४ सेंटीमीटर आणि वजन ४६ किलो आहे. मी व माझे पती दोघेही स्थूल आहोत. सासूबाईंचे म्हणणे असे, की ‘आमच्या घराण्याची अंगकाठीच तशी आहे, पोराच्या ताटावर डोळा ठेवू नका.’ त्याची धाकटी बहीण मात्र याच घरातले जेवण जेवूनही सडपातळ आहे. हे सारे जनुकांमुळेच होत असेल, तर त्याच्या खाण्याकडे लक्ष देण्याचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या सासूबाईंच्या म्हणण्याचा पहिला भाग शास्त्राला धरून आहे, दुसरा नाही.

वजनावर आनुवंशिकतेचा प्रभाव किती, हे तपासण्यासाठी दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास फार उपयोगी पडतो, कारण त्यांना जनुके एका घरातून मिळालेली असतात आणि जेवण दुसऱ्या घरातले. अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील अशा ५४० दत्तक व्यक्तींची माहिती अभ्यासून १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठेपणी या व्यक्तींची शरीरयष्टी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती. ज्यांनी वाढवले त्यांच्याशी तिचा संबंध आढळला नाही. जुळ्यांच्या अनेक अभ्यासांतून असे दिसते, की माणसामाणसांच्या बीएमआयमधील (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) फरकांपैकी साधारण ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिकतेशी निगडित असतो. हा आकडा मात्र नेहमी चुकीचा वाचला जातो. तो लोकसमूहातील फरकांविषयी बोलतो. आपल्या मुलाच्या ४६ किलोंपैकी अमुक किलो जनुकांचे आणि तमुक किलो वडापावाचे, असा हिशेब त्यातून निघत नाही.

जनुके वजन वाढवतात ती कोणत्या मार्गाने, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘याचे शरीर अन्न जाळतच नाही’ असे घरोघरी म्हटले जाते, परंतु पुरावा प्रामुख्याने भुकेकडे बोट दाखवतो. २००७ मध्ये सोळाव्या गुणसूत्रावरील एफटीओ या जनुकाचा स्थूलतेशी असलेला संबंध उघड झाला. त्याची जोखमीची प्रत (म्हणजे स्थूलतेकडे झुकवणारा त्याचा प्रकार) आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळालेल्या प्रौढांचे वजन, ती एकाकडूनही न मिळालेल्यांच्या तुलनेत, सरासरी तीन किलोंनी अधिक आढळले. पुढे स्कॉटलंडमध्ये ४ ते १० वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा ही प्रत असलेल्या मुलांच्या शरीराचा ऊर्जाखर्च कमी नव्हता. खाण्यातून मिळणाऱ्या उष्मांकांचे प्रमाण मात्र जास्त होते. वजनाशी संबंध असलेली बरीच जनुके मेंदूत, विशेषतः भूक आणि तृप्ती यांचे नियंत्रण करणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये, कार्यरत असतात. एकाच ताटातले जेवण जेवून एका भावंडाला ‘पुरे’ वाटते आणि दुसऱ्याला वाटत नाही, त्यामागे हे कारण असू शकते. प्रत्येक मूल आईची अर्धी आणि वडिलांची अर्धी जनुके घेते, पण कोणती अर्धी हे दर वेळी वेगळे असते. त्यामुळे बहीण सडपातळ असण्यात विसंगती काही नाही.

म्हणूनच अशा मुलाला ‘हावरट’ म्हणणे अन्यायाचे आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाकडून निग्रहाची अपेक्षा धरणे व्यर्थ. ज्याच्या तृप्तीचा इशारा क्षीण आहे, त्याच्यासमोर फरसाणाचा डबा ठेवून ‘खाऊ नकोस’ सांगण्यापेक्षा तो डबा घरात न आणणे सोपे असते, आणि हा निर्णय मोठ्यांच्याच हातात असतो. जनुकांची जोखीम अन्नाची रेलचेल असलेल्या परिस्थितीतच वजनात उतरते. एकट्या मुलासाठी वेगळे ‘डाएटचे’ ताट वाढू नये. बहीण सडपातळ असली तरी बिस्किटे, सरबते आणि शीतपेये यांविषयीचा नियम दोघांना एकच असावा. भाजी, उसळ, वरण दुसऱ्यांदा जरूर वाढावे. ‘माझ्यासाठी एक घास’ हा आग्रह मात्र आजीने सोडावा, हे तिला आपल्या पतींनी सांगितले तर अधिक बरे. मैदानावरचा रोजचा तासभर खेळ आणि वेळेवर झोप यांनाही तितकेच महत्त्व आहे.

मुलाचा बीएमआय २५.६ येतो आणि भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या तक्त्यांनुसार या वयात तो लठ्ठपणाच्या कक्षेत मोडतो. तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडून त्याचा रक्तदाब, रक्तातील साखर, चरबी आणि यकृत यांची तपासणी करून घ्यावी. मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, जाडसर, मखमली त्वचा दिसत असेल तर तो मळ समजून घासू नये; इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण असते. वाढत्या वयात वजन झपाट्याने उतरवण्याची घाई नसते. पुष्कळदा ते आहे तेथे रोखून धरले आणि उंची वाढू दिली, तरी बीएमआय खाली येतो. आपल्या मुलाबाबत नेमके उद्दिष्ट तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवावे.

प्रश्न : लाळेचा नमुना पाठवून मुलांच्या लठ्ठपणाची जोखीम सांगणाऱ्या जनुकचाचणीची जाहिरात पाहिली. सहा वर्षांच्या मुलीची ही चाचणी करावी का? ती थोडी गुबगुबीत आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नये. बीएमआयशी संबंध असलेले शेकडो जनुकीय फरक आजवर सापडले आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांचा प्रभाव अत्यल्प असतो आणि ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून शोधले गेले. त्यांची बेरीज करून एखाद्या मराठी मुलीचे भविष्य वर्तवणे भरवशाचे नाही. शिवाय अहवाल काहीही आला तरी सल्ला तोच राहतो. आईवडिलांचे वजन आणि मुलीचा वाढीचा आलेख पाहिला, तर बरीचशी माहिती फुकटात मिळते.

याला एक अपवाद आहे आणि तो दुर्मिळ असला तरी सुटता कामा नये. काही मुलांमध्ये एकच जनुक बिघडलेले असते. केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ मध्ये पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील दोन चुलत भावंडांची माहिती प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९. जन्मतः दोघांचेही वजन सामान्य होते. त्यांच्या शरीरात लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) जवळजवळ तयारच होत नव्हते. चरबीच्या पेशींतून निघणारे हे संप्रेरक शरीरात साठा किती आहे हे मेंदूला कळवते. तो निरोप न पोहोचल्याने मेंदू सतत उपासमार गृहीत धरत होता. पुढे या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर तिची भूक आवरली आणि वजन उतरले. वर्षानुवर्षे ‘आईला मुलीला आवरता येत नाही’ असे ज्या घरांना ऐकावे लागते, त्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे.

लेप्टिनची कमतरता फार विरळ आहे. त्या मानाने मेंदूत भूक आवरण्याचे काम करणाऱ्या एमसी४आर या जनुकातील दोष अधिक आढळतो. अशी मुले बहुधा वयाच्या मानाने उंचही असतात. एकाच जनुकाच्या इतर काही मोजक्या दोषांसाठी सेटमेलॅनोटाइड या औषधाला अमेरिकेत २०२० पासून मान्यता आहे. ते सर्वसाधारण लठ्ठपणावरचे औषध म्हणून मागू नये.

पाच वर्षांच्या आतच वजन बेसुमार वाढले असेल आणि भूक काही केल्या शमत नसेल, किंवा जन्मतः मूल शिथिल होते, त्याला दूध ओढता येत नव्हते आणि नंतर मात्र ते अन्नाच्या मागे लागले असेल, किंवा बोलणे, शिकणे मागे पडत असेल किंवा हातापायाला जादा बोट असून दृष्टी क्षीण होत असेल, तर मुलांच्या संप्रेरकविकारांच्या तज्ज्ञांकडे जावे. त्यांनी सांगितलेली जनुकचाचणी जरूर करावी. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल काही समाजांत आहे. नात्यातल्या लग्नात दोन्हीकडून एकच सदोष प्रत येण्याचा संभव वाढतो, म्हणून ही माहिती डॉक्टरांना संकोच न करता द्यावी.

प्रश्न : माझ्या मुलीचे जन्मवजन २.४ किलो होते. आता ती तीन वर्षांची आहे आणि चणीने बारीक आहे. तिला गुटगुटीत करण्यासाठी तूप-साखर वाढवा, असे सगळे सुचवतात. आमच्या घरात सगळेच बारीक असल्याने तिला लठ्ठपणाचा धोका नाही ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बारीक दिसणे म्हणजे चरबी कमी असणे नव्हे, आणि हे पुण्याच्याच संशोधनातून जगासमोर आले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व अर्भकांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

यामागे जनुकांबरोबर आईचे पोषण आणि गर्भाशयातील वाढ यांचाही वाटा आहे. त्यामुळे कमी वजनाच्या बाळाला पुढे वेगाने जाड करणे मधुमेहाच्या दृष्टीने धोक्याचे ठरू शकते. तिची उंची आणि वजन वाढीच्या आलेखावरील आपापल्या रेषेला धरून वाढत असेल, तर तूप-साखरेची भर नको. डाळ, दूध, अंडी आणि फळे यांवर भर द्यावा. रेषा खाली घसरत असेल, तर प्रथम बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मुलाचे वजन वाढले की थायरॉईड तपासावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : थायरॉईडच्या कमतरतेत मुलाची उंची खुंटते. उंची वयाला साजेशी किंवा जास्त असेल, तर वजनाचे मूळ थायरॉईडमध्ये असण्याची शक्यता फार कमी असते. उंचीची वाढ मंदावली असेल, तर मात्र तपासणीला उशीर करू नये.