तुर्कस्तानात राष्ट्राध्यक्ष एर्दोगनसमोर विरोधकांना तगडा उमेदवार का सापडत नाही?

तगडा माणूस त्यांच्याकडे आहे हो, निदान २०१९ पासून तरी आहेच. त्याला उभं करायची वेळ आली की घोडं पेंड खातं.

आधीचं थोडक्यात सांगतो. २०१४ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधकांनी इहसानोग्लू नावाचे एक विद्वान गृहस्थ उभे केले, सामान्य मतदाराला ते फारसे माहीतच नव्हते, ३८ टक्क्यांवर थांबले. २०१८ ला सीएचपी या मुख्य विरोधी पक्षाने मुहर्रम इंजे दिले, सभांना गर्दी तुफान, मतं ३० टक्के. मग २०१९ ला इस्तंबूलच्या महापौरपदाला एक्रेम इमामोग्लू निवडून आले, ती निवडणूक रद्द करून पुन्हा घेतली तर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त फरकाने आले. अंकारात त्याच वर्षी मन्सूर यावाश जिंकले. म्हणजे एर्दोगनच्या पक्षाला हरवून दाखवलेले दोन माणसं हातात होती.

तरीपण २०२३ ला उमेदवार कोण, तर सीएचपीचे पक्षाध्यक्ष किलिचदारोग्लू, वय ७४. माणूस सज्जन, सहा पक्षांना एका टेबलावर आणणं सोपं नव्हतं आणि ते त्यांनी केलं, पण सर्व्हेमध्ये दोन्ही महापौर त्यांच्यापेक्षा पुढे दिसत होते हे सगळ्यांना माहीत होतं. मला आजही याचाच राग येतो की त्या टेबलावर छोट्या पक्षांना सीएचपीच्या यादीतून खासदारकी मिळणार होती, त्यांना किलिचदारोग्लू सोयीचे होते, आणि मतदाराला कोण हवाय हे कुणी विचारलंच नाही. त्याच टेबलावरच्या एका पक्षाच्या प्रमुख अक्शेनर बाईंनी मार्चमध्ये उघड सांगितलं की दोघांपैकी एका महापौराला द्या आणि टेबल सोडून गेल्या, तीन दिवसांत परत आल्या, तडजोड काय तर दोघं महापौर उपराष्ट्राध्यक्ष होणार. निवडणुकीला जेमतेम दोन महिने राहिलेले, फेब्रुवारीच्या भूकंपात ५० हजारांहून जास्त माणसं गेलेली, महागाईने लोक वैतागलेले, आणि तुम्ही तेव्हा उमेदवार जाहीर करताय! दुसऱ्या फेरीत एर्दोगन ५२, किलिचदारोग्लू ४८, चार टक्क्यांचा फरक.

आता न्यायाची गोष्ट पण सांगायला हवी, की इमामोग्लूंना तेव्हा उभं करण्यात खरीच जोखीम होती. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक अधिकाऱ्यांचा अपमान केला म्हणून त्यांना अडीच वर्षांहून जास्त शिक्षा आणि राजकारणबंदी सुनावली होती, अपिलात कायम झाली असती तर ऐन वेळी उमेदवारच गायब. यावाश मूळचे राष्ट्रवादी पक्षातले, कुर्द या तिथल्या मोठ्या अल्पसंख्य समाजाचा मतदार त्यांच्या मागे किती येईल ही शंका होती, आणि ५० टक्क्यांच्या वर जायचं तर कुर्द मतांशिवाय जमत नाही. पण म्हणून पक्षाध्यक्षच हा पर्याय कसा ठरतो ते मला पटलेलं नाही.

हरल्यावर पक्ष सुधारला हे मात्र मान्य करायला पाहिजे. ओझगूर ओझेल अध्यक्ष झाले, २०२४ च्या स्थानिक निवडणुकीत सीएचपी देशात पहिला आला, १९७७ नंतर पहिल्यांदा. उमेदवारसुद्धा सदस्यांच्या मतदानाने ठरवायचा असं ठरलं, तर मतदानाच्या पाच दिवस आधी इमामोग्लूंची पदवी विद्यापीठाने रद्द केली (तिथं राष्ट्राध्यक्ष व्हायला पदवी लागते), दुसऱ्या दिवशी भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली अटक. २३ मार्च २०२५ ला मतदान तरीही झालं, सदस्य नसलेल्यांसाठी वेगळ्या पेट्या ठेवल्या, आणि पक्षाच्या म्हणण्यानुसार दीड कोटी लोकांनी मत दिलं, तुरुंगात टाकलेल्या माणसाला.

त्यामुळे आता दोष फक्त विरोधकांच्या माथी मारू नका. पुढची निवडणूक २०२८ ला आहे, तेव्हा घटनेच्या मुदतमर्यादेमुळे एर्दोगनना उभं राहता येत नाही, पण संसदेने ६०० पैकी ३६० मतांनी ती लवकर लावली तर ते पुन्हा उभे राहू शकतात. माझं मत विचाराल तर इमामोग्लूंसाठी शेवटपर्यंत भांडावंच, पण ते उभे राहू शकले नाहीत तर यावाश की ओझेल, हे आत्ताच त्याच पेट्या पुन्हा लावून लोकांना विचारून घ्यावं, निवडणुकीच्या दोन महिने आधी बंद खोलीत नको.