रास्पबेरी पाय ४ काढून पाय ५ बसवल्यापासून लॅपटॉपची स्क्रीन काळी पडते. नवीन पॅनेल घेऊ का?

नका घेऊ. निदान आज तरी नका घेऊ.

तुमच्या प्रश्नातून मला जे समजलं ते आधी लिहितो, काही चुकत असेल तर सांगा. बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपचा सांगाडा आहे, आणि आत रास्पबेरी पाय हा छोटा एका बोर्डाचा संगणक. त्यातलं १३६६ बाय ७६८चं मूळ पॅनेल तसंच ठेवून त्याला एचडीएमआयचा ड्रायव्हर बोर्ड, म्हणजे पायचं चित्र पॅनेलला समजेल असं करून देणारा बोर्ड, जोडलाय. त्या बोर्डाला ५ व्होल्ट पायच्याच यूएसबीतून जातात. १८६५० मापाच्या लिथियम सेलचा पॅक, पुढे व्होल्टेज ५वर उतरवणारा बक कन्व्हर्टर, आणि तिथून दोन वायरी थेट जीपीआयओच्या, म्हणजे पायच्या कडेला उघड्या असलेल्या, पिनांवर. रास्पबेरी पाय ४वर हे सगळं दोन वर्षं चाललं. पाय ५ बसवल्यावर सुरुवातीला स्क्रीन दिसते, डेस्कटॉप उघडला की काळी होते, आणि ब्राइटनेस वाढवला तर हमखास जाते.

उत्तर तुमच्या त्या शेवटच्या वाक्यातच आहे. पॅनेल खराब असतं तर त्याने ब्राइटनेस बघून रुसवा धरला नसता. पॅनेलमध्ये सगळ्यात जास्त वीज खातो तो बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, आणि ती वीज तुम्ही पायच्या यूएसबीतून काढताय. पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपियर मिळतात, तेवढ्यात तुमचं भागत होतं. पाय ५ला मात्र ५ व्होल्ट ५ अँपियरचा सप्लाय लागतो. तो मिळतोय याची खात्री तो यूएसबी-सीवरून सप्लायशी बोलून करून घेतो. तुमची वीज जीपीआयओवरून येते, तिथे बोलायला कुणीच नाही. मग बोर्ड सप्लाय कमजोर आहे असं धरून चालतो आणि सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपियर सोडतो. १५ इंची पॅनेल आणि त्याचा बोर्ड एवढ्यात कसा जगणार?

हे मला कुणी शिकवलं नाही, पैसे घालवून कळलंय. माझ्याही पहिल्या खटाटोपात स्क्रीन अशीच लुकलुकायची. मी पुण्यात पसोड्या विठोबाजवळ जाऊन दुसरं पॅनेल घेऊन आलो. दुकानदाराने एकच विचारलं, "मागचं स्टिकर दाखवा." स्टिकर जुळलं, पॅनेल आलं, आणि तेही तसंच लुकलुकायला लागलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ते दुसरं पॅनेल अजून कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून आहे.

तर पहिलं काम: ड्रायव्हर बोर्डाची वीज पायकडून काढून घ्या आणि बक कन्व्हर्टरच्या आउटपुटवरून वेगळ्या जोड वायरीने थेट द्या. ग्राउंड समाईक ठेवा. कन्व्हर्टर सलग ५ अँपियर देणारा हवा. त्याच्यावर ५ लिहिलेलं असतं आणि पंख्याशिवाय तो ३लाच तापतो, तेव्हा जरा मोठाच घ्या. कॉन्फिग फाइलमध्ये 'यूएसबी_मॅक्स_करंट_एनेबल=१' अशी ओळ टाकली की ६०० मिलिअँपियरची मर्यादा उठते, हेही खरं आहे. (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन लहान अक्षरं.) कीबोर्ड आणि माउससाठी ती ओळ ठेवा. पण बॅकलाइट तिच्या भरवशावर चालवू नका.

दुसरं काम वायरींचं. बारीक जंपर वायर वापरली असेल तर आधी ती फेका. वायर आणि पिन मिळून ०.१ ओहम रोध धरला, तरी ४ अँपियरला ०.४ व्होल्ट वाटेतच गडप होतात. कन्व्हर्टरवर ५ दिसतात आणि पायच्या पिनांवर ४.६ पोचतात. साधारण ४.६३च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजची तक्रार करतो. म्हणून मल्टीमीटरची टोकं कन्व्हर्टरवर लावू नका, पायच्या पिनांवरच लावा, आणि तेसुद्धा ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असताना. कन्व्हर्टर ५.१वर बसवा, वायर जाड घ्या, डाख नीट लावा. टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' चालवलं की ०एक्स० यायला हवं. ०एक्स५०००० आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलंय आणि पायने वेगही कमी केलाय. आणि एक फ्यूज टाका हो. जीपीआयओवरून दिलेल्या विजेला बोर्डावर कसलंही संरक्षण नाही. पॅक लिथियमचा आहे आणि लॅपटॉप मांडीवर असतो.

एवढं करूनही स्क्रीन काळीच राहिली, तर मगच पुढचं वाचा.

खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसट चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, फक्त बॅकलाइटची वीज किंवा त्याचा चालू-बंदचा सिग्नल पोचत नाही. काहीच दिसलं नाही तर घरातल्या सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल ड्रायव्हर बोर्डात लावा. कार्यक्रम न दाखवता कॉपी-संरक्षणाची तक्रार दाखवली तरी चालेल. अक्षरं उमटली म्हणजे पॅनेल, बोर्ड आणि बिजागरीतली केबल तिन्ही ठीक आहेत. मग दोष पायच्या बाजूला. पाय ५ला, पाय ४सारखेच, दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत. यूएसबी-सीच्या जवळचा तो पहिला, त्यातच लावा. मायक्रो एचडीएमआयचे छोटे अडॅप्टर मला मुळीच आवडत नाहीत. झाकण दोनदा उघडलं-मिटलं की सैल होतात. मायक्रो टोक असलेली सलग केबल घ्या.

झाकण विशिष्ट कोनात आणल्यावरच चित्र तुटत असेल तर मात्र बिजागरीतून जाणारी केबल बघा. तिच्यातले तार केसासारखे असतात. ड्रायव्हर बोर्ड एलव्हीडीएसचा (जुन्या लॅपटॉप पॅनेलच्या जोडणीचा) असेल तर त्यावर पॅनेलचं व्होल्टेज निवडायचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, असते. ३.३ आणि ५ यांत गल्लत झाली तर पॅनेल खरंच जातं, मग मलाही काही सांगता येणार नाही. स्टिकरवरचा मॉडेल नंबर शोधून डेटाशीट बघितल्याशिवाय त्या जंपरला हात लावू नका.

आता सॉफ्टवेअर. जुनंच कार्ड उचलून पाय ५मध्ये घातलं असेल आणि त्यावर रास्पबेरी पाय ओएसची बुलसाय ही जुनी आवृत्ती असेल तर पाय ५ सुरूच होणार नाही, बुकवर्म किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. तुमचा सुरू होतोय, म्हणजे ते केलंय. पण कॉन्फिगमधल्या जुन्या 'एचडीएमआय_ग्रुप' आणि 'एचडीएमआय_मोड' या ओळी तुम्ही नव्या कार्डावर नेल्या असतील, तर त्यांना आता कुणी विचारत नाही. स्क्रीनचा कारभार लिनक्स कर्नलकडे गेलाय. मोड लादायचा तर कमांडलाइन फाइलमधल्या त्या एकाच ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून, 'व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१३६६×७६८@६०डी' लिहा. गुणिलेच्या जागी इंग्रजी एक्स, आणि शेवटचा डी कॅपिटल. ओळ तोडू नका, तोडलीत तर पुढचं वाचलंच जात नाही. आणि बुकवर्मपासून या दोन्ही फाइली बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये आहेत. जुने लेख वाचून बूटमध्येच शोधलंत तर तास जाईल. माझा गेला होता.

अक्षरं पुसट दिसतात असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. स्क्रीन आपली ओळख ज्या छोट्या तक्त्यात सांगते, त्यातल्या एका रकान्यात रुंदी ८च्या पटीतच लिहिता येते, आणि १३६६ला ८ने भाग जात नाही. त्यामुळे कित्येक बोर्ड १३६० किंवा १२८० सांगून मोकळे होतात आणि चित्र ताणलं जातं. वरच्या ओळीने बहुतेक तेही सुटेल.

अपग्रेडचं थोडक्यात. रॅम वाढत नाही, ती बोर्डावरच डाखलेली असते. १६ जीबी हवी तर १६ जीबीचा पाय ५च घ्यावा लागेल, तो जानेवारी २०२५मध्ये आला. खरं सांगायचं तर लिहिण्या-वाचण्याच्या लॅपटॉपला ८ पुरते. फरक पडतो तो एसएसडीने. पाय ५वर पीसीआय एक्सप्रेसची पट्टी लावायची जागा आहे, तिथे एम.२ हॅट, म्हणजे एसएसडी धरणारा जोडबोर्ड, बसतो. अधिकृत हॅट २२३० आणि २२४२ मापाचेच एसएसडी घेतो, लॅपटॉपमधले नेहमीचे लांब २२८० त्यात बसत नाहीत. बूटचा क्रम ०एक्सएफ४१६ ठेवा. तो उजवीकडून वाचायचा असतो: ६ म्हणजे एनव्हीएमई (हाच एसएसडी), १ म्हणजे कार्ड, ४ म्हणजे यूएसबी. पण एसएसडीही त्याच कन्व्हर्टरवर जगणार, तेव्हा वीज ठीक झाल्याशिवाय तो घेऊ नका.

स्पीकर अचानक मुके झाले असतील तर घाबरू नका, पाय ५ला ऑडिओचा जॅकच नाही. बहुतेक ड्रायव्हर बोर्डांवर एचडीएमआयमधून आवाज काढणारा जॅक असतो, तिथे लावा. नेटवर्क आणि यूएसबीच्या जागाही पाय ४च्या उलट आहेत, म्हणजे सांगाड्याच्या कडेला नव्याने कानस चालवावी लागेल. आणि पंखा लावाच. बंद डब्यात पाय ५ बघता बघता ८० अंशांवर जातो आणि मग स्वतःहून मंदावतो.

आज फक्त ड्रायव्हर बोर्डाची वायर हलवा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि पायच्या पिनांवर मल्टीमीटरने किती दाखवलं ते कळवा. त्या आकड्यावरून पुढचं सांगतो.