हक्कसोडपत्रावर सही करू नका

पत्र: मी 31 वर्षांची आहे. 1994 मध्ये आईबाबांनी नाशिकच्या एका संस्थेतून मला दत्तक घेतलं. आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. वारसनोंदीला काकांनी हरकत घेतली. "रक्ताची नाही, तिला कसला वाटा?" म्हणतात आणि हक्कसोडपत्र टाइप करून आणलंय. दत्तकाचे कागद घरात सापडत नाहीत. शिवाय मला जन्मदात्या आईचा शोध घ्यायचाय, पण विषय काढला की आई रडते. शोध घेतला तर काकांच्या हाती आयतं कोलीत मिळेल का?

उत्तर: ताई, त्या कागदावर तुम्ही सही करू नका आणि आईंनाही करू देऊ नका. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते रद्द करून घ्यायला दिवाणी दावा लावावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात.

काकांचं 'रक्ताचं' म्हणणं कायद्यात टिकत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 च्या कलम 12 नुसार दत्तक दिल्याच्या दिवसापासून तुम्ही आईबाबांच्या मुलगी आहात, सगळ्याच बाबतींत. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या मालकीच्या बागेचे वारस आई आणि तुम्ही, निम्मे-निम्मे. आजी हयात असतील तर तिघींना समान. भावाचा क्रमांक त्यानंतरचा, म्हणजे तुम्ही असताना काही नाही. जमीन वडिलोपार्जित, सामाईक असेल तर काकांचा स्वतःचा हिस्सा त्यांचाच राहील. तुमच्या दत्तकाआधी जे त्यांच्या नावे झालं त्यालाही धक्का लागत नाही. अशा जमिनीत आत्यांचाही वाटा निघू शकतो, म्हणून जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं कधी-कशी बदलली त्याच्या नोंदी, काढून वकिलांना दाखवा.

आता कागद. संस्थेतून दत्तक देताना तेव्हा न्यायालयाची परवानगी लागायची. संस्थेच्या फाइलमध्ये प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष मिळेल. त्यावरून नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. प्रत हातात आली की आधी एकच बघा: आदेश दत्तकाचा आहे की 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखालच्या नुसत्या पालकत्वाचा? पालकत्वाने वारसा मिळत नाही. तसं निघालं तर पुढचं पाऊल टाकण्याआधी वकील गाठा. दुसरी नेहमीची अडचण नावाची. आदेशात संस्थेने ठेवलेलं नाव असतं, शाळेच्या दाखल्यावर घरचं. दोन्ही नावं जोडणारा कागद, बहुधा दत्तकपत्रच, शोधा. दत्तकपत्रावर देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्या आणि नोंदणी असेल तर दत्तक कायदेशीर आहे असं न्यायालय गृहीत धरतं, खोटं पाडायची जबाबदारी काकांवर येते. "दत्तहोम झाला होता का?" असं कुणी विचारलं तर घाबरू नका. होम बंधनकारक नाही, मूल प्रत्यक्ष देणं-घेणं महत्त्वाचं.

हरकतीवर सुनावणी लागेल. त्या तारखेला कागदांच्या प्रतींसह लेखी म्हणणं द्या आणि पोच घ्या. तारीख चुकवली की निकाल बहुतेक वेळा समोरच्याच्या बाजूने जातो. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील आहे. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही. ती दिवाणी न्यायालय ठरवतं.

शोधाची भीती मनातून काढून टाका. कायदेशीर दत्तक 1956 च्याच कायद्याच्या कलम 15 नुसार रद्द होत नाही. जन्मदात्या आईला भेटलात म्हणून इथला हक्क जात नाही, तिथला मिळतही नाही. 18 वर्षांवरील व्यक्ती स्वतः संस्थेकडे अर्ज करू शकते; तिऱ्हाइताला परस्पर असा शोध घेता येत नाही. त्या बाईंनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी त्यांची संमती विचारतात. नकार आला किंवा त्या सापडल्या नाहीत, तरी तुम्हाला कोणत्या परिस्थितीत सोपवलं हे सांगितलं जातं. तुम्ही बेवारस सापडला असाल तर फाइलमध्ये फार थोडं असेल, मनाची तयारी ठेवून जा. फेसबुकवर फोटो टाकून शोधू नका. त्या बाईंच्या आजच्या संसारात कुणालाच काही माहीत नसेल, तर एका पोस्टने तो उद्ध्वस्त होऊ शकतो.

आईंचं रडणं मात्र कायद्याने थांबणार नाही. नवरा गेला, दीर भांडतोय, आणि आता मुलगीही जाईल अशी भीती त्यांना वाटत असणार. म्हणून वारसनोंद आधी उरका, शोधाचा अर्ज नंतर करा, पण आईंपासून लपवून करू नका. प्रकरणाचा क्रमांक घ्यायला संस्थेत जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या. तुम्हाला पहिल्यांदा कडेवर घेतलं तो दिवस कसा होता, हे तिथेच त्यांना विचारा.