शटर, कॅमेरा आणि चोर : दुकानदारांचे प्रश्न

प्रश्न : कापडाचं दुकान आहे. चार कॅमेरे बसवले, तरी साड्या नेणाऱ्या बाईचा चेहरा ओळखू येत नाही. दुसऱ्या एका चोरीचा पत्ता दोन आठवड्यांनी लागला, तोवर रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं. कॅमेरे वाढवावेत का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी आहेत तेच हलवा. छताला दहा-बारा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात माणसाचा फक्त भांग दिसतो. डोक्यावर पदर किंवा टोपी असली की तेवढंही नाही. एक कॅमेरा सात-साडेसात फुटांवर, आत येणाऱ्याच्या तोंडासमोर लावा आणि त्याच्या चित्रात फक्त दार येऊ द्या. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं आणि अनोळखी माणूस ओळखायला मीटरमागे साधारण २५० पिक्सेल लागतात. कागदावर एका चित्रात मावणारी जागा साडेसात मीटर रुंद भरते. पण माणूस चालता असतो आणि संध्याकाळी उजेड कमी, म्हणून तीन-चार मीटरच धरा. अख्खं दुकान दाखवायला दुसरे कॅमेरे आहेतच.

दिवसा दारातल्या उजेडामुळे चेहरा काळा पडतो. त्यासाठी डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय) असलेला कॅमेरा घ्या. खोक्यावर ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ लिहिलं असेल तर तो नको, त्यात चित्र नुसतं उजळवलेलं असतं.

आता रेकॉर्डिंगचं. कॅमेऱ्यामागे २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरले तर दिवसाला २१.६ जीबी लागतात, चौघांचे ८६. म्हणजे १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं चढू लागतं. महिनाभर हवं असेल तर २.६ टीबी लागतील, म्हणून सरळ ४ टीबीची घ्या. तीही सर्व्हिलन्ससाठीची, कारण कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते. डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीचं) घड्याळ दर महिन्याला मोबाईलशी जुळवा. चोरी रात्री नऊची आणि चित्रावर वेळ साडेसातची, असं असलं की वकील पहिला प्रश्न तिथेच विचारतो. स्क्रीनसमोर मोबाईल धरून चित्रण काढू नका, मूळ फाइल काढा. ती देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलवरून काढलेला, ती जराशी बदलली तरी बदलणारा कोड) भरायची असते.

प्रश्न : शेजारचं शटर मधोमध उचकटून चोरी झाली. आमच्या शटरला दोन्ही टोकांना चांगली कुलपं आहेत. आणखी भारी घ्यावीत का? (किराणा दुकानदार, संगमनेर)

उत्तर : कुलपं बदलून काही होणार नाही. दोन्ही टोकं पक्की असली तरी खालची पट्टी मध्ये मोकळीच राहते. आठ-दहा फुटांच्या शटरखाली मध्यभागी पहार किंवा गाडीचा जॅक घातला की पट्टी वाकते आणि सडपातळ माणूस सरपटत आत जातो. सेंट्रल लॉकचाही इथे उपयोग नाही, त्याच्या दांड्या बाजूच्या चॅनलमध्येच शिरतात.

मध्यभागी जमिनीत कडी बसवा. १२ मिलिमीटरच्या सळईची, यू आकाराची, पाय खाली बाहेर वळवलेले आणि किमान सहा इंच काँक्रीटमध्ये. फरशीवर नुसत्या पांढऱ्या सिमेंटने चिकटवलेली कडी पहारीच्या एका हिसक्यात निघते. कडी खाचेत बसवा, नाहीतर दिवसभर गिऱ्हाईक ठेचकाळेल. कुलूप असं घ्या की त्याच्या कडीभोवती कटरचं तोंड शिरायला जागा राहणार नाही.

फोन लावणारा सायरन बसवलात तर आधी तो टूजीवर चालतो का ते पाहा. बरेच स्वस्त सायरन टूजीवरचे असतात आणि जिओचं नेटवर्क टूजी नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही. महिन्यातून एकदा शटर उघडून फोन येतो का ते तपासा. बहुतेक ठिकाणी सायरन ठीक असतो, सिमचा रिचार्ज संपलेला असतो.

प्रश्न : चोरी करताना सापडलेल्याला कोंडून ठेवलं तर चालेल का? (जनरल स्टोअर, इचलकरंजी)

उत्तर : नको. कोंडून ठेवल्याची तक्रार उलटी तुमच्यावरच होऊ शकते. झडती घेणं, फोटो काढून ग्रुपवर टाकणंही टाळा. गिऱ्हाईक काउंटर ओलांडेपर्यंत थांबा, कारण त्याआधी ‘बिल करणारच होतो’ हे उत्तर तयार असतं. मग दोघांनी मिळून शांतपणे विचारा. माल परत मिळाला नाही किंवा वाद वाढला तर ११२ ला फोन करा आणि त्या वेळेचं रेकॉर्डिंग लगेच वेगळं काढून ठेवा.