सायटेशन मोजत बसण्याआधी

सैद्धांतिक कणभौतिकीतल्या पीएचडीच्या पहिल्याच वर्षी इन्स्पायरवर (आपल्या विषयातल्या पेपरांची ऑनलाइन यादी) स्वतःचा एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि त्यांना मिळालेली सायटेशन (इतरांच्या पेपरांतले उल्लेख) यांवरून काढलेला आकडा, बघत बसू नकोस. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्गचा 1967 चा लेप्टॉनांवरचा (इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांवरचा) पेपर जेमतेम तीन पानांचा. पहिली काही वर्षं त्याच्याकडे जवळजवळ कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. 1971 मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ टॉफ्टने असे सिद्धांत रीनॉर्मलाइझ करता येतात, म्हणजे गणितात येणारी अनंतं काढून अर्थपूर्ण उत्तरं मिळवता येतात, हे दाखवलं, मग सायटेशनचा पाऊस. 1979 ला नोबेल.

आता उलटं उदाहरण. डिसेंबर 2015 मध्ये एलएचसी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राच्या डेटात 750 जीईव्ही या ऊर्जेपाशी दोन फोटॉनांचा (प्रकाशकणांचा) छोटासा उंचवटा दिसला, नव्या कणाची खूण असावी असा. काही महिन्यांत शेकडो पेपर आर्काइव्हवर (छापून येण्याआधी पेपर टाकायची वेबसाइट) येऊन आदळले. ऑगस्ट 2016 पर्यंत आणखी डेटा आला आणि उंचवटा गायब! त्या पेपरांना सायटेशन मात्र भरपूर मिळाली, बरीचशी एकमेकांचीच. अशा झुंडीत एखाद्या वेळी शिरायला हरकत नाही, झटपट गणित करायची सवय लागते. पण सगळं करिअर त्यावर बेतू नकोस.

आपल्या विषयात लेखकांची नावं बहुधा आडनावांच्या वर्णक्रमाने लागतात, त्यामुळे पहिलं नाव कुणाचं यावरून काहीच कळत नाही. पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधन-नोकरीच्या) निवडीत बराचसा भार शिफारसपत्रांवर असतो. ‘दोन लूपचं अवघड गणित हिनेच केलं’ असं तिथे कुणीतरी ठामपणे लिहायला हवं. म्हणून प्रत्येक पेपरातला एक तरी भाग पूर्णपणे स्वतः कर आणि सेमिनारमध्ये तोच फळ्यावर मांड. आणि हो, ज्यांचं काम वापरलंस त्यांना ड्राफ्ट आधीच पाठव. ‘आमचा पेपर राहिला’ अशा नाराज ईमेल टळतात.