डेम्प्सी सगळ्यांना हरवतोय? आधी फिल्मचा वेग तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि हसू आलं. तुम्हाला नाही हो, स्वतःलाच हसलो. आठ हेवीवेट चॅम्पियन, एक्सेलची शीट, जुन्या क्लिपा बघून सेकंदाला किती ठोसे ते मोजायचं, त्यावरून गुण द्यायचे आणि काल्पनिक स्पर्धा लावायची. आणि शेवटी जॅक डेम्प्सी अलीलाही हरवतोय, टायसनलाही हरवतोय. 'डेम्प्सीचे हात खरंच इतके वेगवान होते का, की माझं गणित कुठे चुकतंय?' असं विचारलंत. गणित बरोबर आहे. फिल्म चुकतेय.

मी हेच केलं होतं, आणि तुमच्यापेक्षा वाईट रीतीने, कारण मी ते छापून मोकळा झालो.

साधारण चार महिने रात्री जागून क्लिपा पाहिल्या. बायको म्हणायची, एवढ्या वेळात तू स्वतः बॉक्सिंग शिकला असतास. हातात स्टॉपवॉच, शेजारी वही. ४ जुलै १९१९ ची अमेरिकेतल्या टोलेडोची लढत, डेम्प्सी विरुद्ध तेव्हाचा चॅम्पियन जेस विलार्ड, तर पाठच झाली होती. विलार्ड साडेसहा फुटांचा, २४५ पौंडांचा; डेम्प्सी १८७ पौंडांचा. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली. मी ठोसे मोजले तर डेम्प्सीच्या हातांचा वेग टायसनच्या जवळजवळ दीडपट निघाला. ते 'दीडपट' कुठून आलं हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. उलट आपल्याला काहीतरी मोठं सापडलंय या आनंदात लेख लिहिला आणि एका दिवाळी अंकाला दिला. नाव घेत नाही.

अंक छापून आल्यावर एका क्लबात पोरांसमोर तीच क्लिप लावून बोलत होतो. मागे एक निवृत्त कोच बसले होते. माझं झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "डेम्प्सीचं सोडा. रेफरीकडे बघा. तो माणूस असा चालतो का?" पाहिलं. रेफरी खेळण्यातल्या चावीच्या बाहुल्यासारखा तुरुतुरु फिरत होता. रिंगभोवतीचे प्रेक्षकही तसेच हात हलवत होते. म्हणजे त्या दिवशी टोलेडोत सगळेच दीडपट वेगाने जगत होते! पोरं जी हसली, ती अजून ऐकू येतात.

कारण साधं आहे. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण १६ चित्रं, कधी कमी, कधी जास्त. पुढे बोलपट आले आणि वेग २४ वर पक्का झाला. १६ ने घेतलेली फिल्म २४ ने चालवली की सगळं दीडपट. माझा 'मोठा शोध' एवढाच होता.

घरी येऊन त्याच रात्री अंकाच्या कार्यालयाला दुरुस्ती पाठवली. चार ओळींचीच. उत्तर नाही. फोन केला तर 'संपादक बाहेर आहेत'. पुन्हा केला तर 'पुढच्या दिवाळीला बघू'. तिसऱ्यांदा एक गृहस्थ म्हणाले, "अहो, एवढं कोण वाचतंय?" छापताना वाचक सुजाण असतात, चूक निघाली की ते वाचतच नाहीत. असो. पण खरा संताप वेगळाच आहे. तो लेख अजूनही फॉरवर्ड होत फिरतो आणि दरवर्षी कुणीतरी तो मलाच पुरावा म्हणून पाठवतं.

तर उपाय. फेरी हेच घड्याळ आहे. फेरी तीन मिनिटांची. सलग, न कापलेली फेरी मिळाली तर घंटेपासून घंटेपर्यंत वेळ लावा. दोन मिनिटांत संपली तर क्लिप दीडपट पळतेय. प्लेअरमध्ये वेग ०.६७ च्या आसपास आणा आणि मग मोजा. फिल्म कापलेली असेल (बहुतेक असतेच) तर दोन फेऱ्यांमधली एक मिनिटाची विश्रांती पाहा. तीही नसेल तर रेफरीची चाल. हल्ली काही लोक जुन्या फिल्म नीट वेगाला आणून टाकतात, तिथे पुन्हा ०.६७ करू नका, नाहीतर डेम्प्सी पाण्याखाली लढल्यासारखा दिसेल. हेही मी केलंय.

वेग दुरुस्त झाला तरी तुमच्या शीटमध्ये दुसरं भोक राहतंच. नियम कुठले? टोलेडोत विलार्ड उठत असताना डेम्प्सी त्याच्या डोक्यावर उभा राहून पुन्हा मारतो. तेव्हा ते चालायचं. पुढे समोरच्याला पाडल्यावर लांबच्या कोपऱ्यात जायचा नियम आला आणि १९२७ साली शिकागोत तेव्हाच्या चॅम्पियन जीन टनीला पाडून डेम्प्सी कोपऱ्यात जायलाच विसरला. रेफरीची दहापर्यंतची मोजणी उशिरा सुरू झाली, टनी सावरला आणि गुणांवर जिंकला. माणूस तोच, नियम बदलला.

दुसरं उदाहरण हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोचं. ४९ लढती, ४९ विजय, हे सगळ्यांना पाठ असतं. पण २३ सप्टेंबर १९५२ ला फिलाडेल्फियात तेव्हाच्या चॅम्पियन जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तो तिन्ही परीक्षकांकडे मागे होता आणि तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने जिंकला. आजच्या १२ फेऱ्यांत तो ती लढत गुणांवर हरला असता आणि तो पाठ केलेला आकडा उरला नसता. किताबाच्या लढती तेव्हा १५ फेऱ्यांच्या असायच्या. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम दुक-कू कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर एकेका संघटनेने १५ च्या १२ फेऱ्या केल्या. उलटी बाजूही आहे. १९५२ च्याच जूनमध्ये यांकी स्टेडियममध्ये शुगर रे रॉबिन्सन लाइट हेवीवेट किताबासाठी चॅम्पियन जोई मॅक्सिमशी लढला. उकाडा इतका की दहाव्या फेरीनंतर रेफरीच बदलावा लागला. रॉबिन्सन गुणांत स्पष्ट पुढे होता, पण चौदाव्या फेरीला उठू शकला नाही. बारा फेऱ्या असत्या तर तिसऱ्या वजनगटाचा किताब त्याच्या नावावर असता. म्हणून शीटमध्ये 'फेऱ्या' हा रकाना आधी, ठोसे नंतर.

(हलक्या वजनगटात शिरणार असाल तर: पूर्वी वजन लढतीच्या दिवशी करायचे, आता आदल्या दिवशी. आजचा बॉक्सर वजन देऊन रात्रभरात काही किलो परत भरतो. रॉबिन्सनसमोर आजचा कुणी उभा करताना हे विसरलात तर रॉबिन्सनवर अन्याय होईल.)

जुना माणूस नव्या नियमांत टाकायचा तर त्याला सरावाला वेळ किती देणार, हेही ठरवा. आपल्याकडचं उदाहरण खाशाबा जाधवांचं. मातीत घडलेले पैलवान, १९४८ साली लंडनला मॅटवर सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. मधे चार वर्षं गेली.

संगणकाला विचारून निकाल लागतो असं वाटत असेल तर १९६९ आठवा. मरे वोरोनर या अमेरिकी निर्मात्याने आधी रेडिओवर संगणकी स्पर्धा घेतली. त्यात अली जुन्या काळच्या चॅम्पियन जिम जेफ्रीजकडून हरला आणि त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. मग तडजोड म्हणून मार्सियानोबरोबर खोटी लढत चित्रित झाली. मार्सियानो ४५ वर्षांचा, बावीस-तेवीस किलो उतरवून, डोक्यावर टोप घालून. शेवटही अनेक चित्रित करून ठेवले होते. २० जानेवारी १९७० ला थिएटरांत दाखवलं तेव्हा मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. पुन्हा तेरावीच! तो निकाल मार्सियानोला कळलाच नाही. ३१ ऑगस्ट १९६९ ला तो विमान अपघातात गेला होता. यंत्रात जे घालाल तेच बाहेर येतं.

आता नेहमीचा प्रश्न, अली की टायसन. मी कोच नाही, दोन महिने ग्लोव्ह घातले आणि फुटकं नाक घेऊन परत आलो, तेव्हा बेतानेच विश्वास ठेवा. 'कुठल्या रात्रीचा' हे आधी सांगा. नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा अली आणि जून १९८८ ला स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा टायसन. टायसनच्या बाजूने डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला डावा ठोसा. अलीला तो लागायचा. १९६३ ला कूपरने आणि १९७१ ला फ्रेझरने त्याच हुकने त्याला पाडलंय. पण पाडल्यावर तो उठायचा, हेही त्याच दोन लढतींत दिसतं. आणि मिठी मारून मान दाबून धरणाऱ्यांपुढे टायसन वैतागायचा. १९८७ ला बोनक्रशर स्मिथ असाच बारा फेऱ्या लटकला. जिंकला नाही, पण टिकला. १९७४ च्या जानेवारीत अलीने फ्रेझरची मान रात्रभर धरली आणि रेफरीने धरू दिली. म्हणून माझ्या लेखी हा निकाल रेफरीवर आहे. कडक रेफरी असेल तर पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या आणि काहीही होऊ शकतं. ढिला असेल तर अली, दहाव्या-अकराव्याच्या सुमारास, थांबवून. माझा भाचा हे मानत नाही आणि तो बॉक्सिंग माझ्यापेक्षा जास्त बघतो.

शीट पाठवाल तर सवडीने बघतो. पण आधी विलार्डच्या पहिल्या फेरीला घड्याळ लावून किती सेकंद भरले तेवढं इथेच लिहा.