उजनीच्या गाळात एटीव्ही (जाड टायरांची चारचाकी बाईक) घालण्याआधी

भावा, उन्हाळ्यात उजनीचं पाणी हटलं की करमाळ्याकडचा गाळ वरून कडक दिसतो. पण ती काळी माती. वर भेगा पडल्या तरी पाण्याच्या कडेला खाली नुसतं लोणी. आधी उतरून पहार खुपस. सहज शिरली तर गाडी वळव. टायरची हवा थोडी कमी केलेली बरी, मात्र कंपनीने दिलेल्या आकड्याखाली नको, टायर रिमवरून निघतो.

रुतलास तर आधी रेस सोड. चाक जागेवर फिरलं की स्वतःचाच खड्डा खणतं, आणि गाडी पोटावर बसली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. (तोही रुततो, ते पुन्हा कधीतरी.) चाकांमागची माती खोऱ्याने उतरती कर, खाली पोती नाहीतर उसाचं पाचट दाब आणि आलास त्याच चाकोरीने हळू रिव्हर्स घे. पुढे रेटायचा मोह होतो, पण पुढची जमीन तू पाहिलेली नसतेस. गाडी ओढायला दोर लावलास, तर तो ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नको; तुटला तर पाय मोडतो. एकटा जाऊ नकोस. आणि गाळपेर केलेल्या, म्हणजे पाणी हटल्यावर गाळात पेरलेल्या रानातून तर मुळीच नको, शेतकरी सोडणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.